टाचेतला विंचू

फॉर्मवर पाचवा प्रश्न:
'या प्रकल्पातून आपण काय शिकलात?'
खाली चार रेघा.
उत्कर्षनं तीन रेघांत कॅमेरा, प्रकाश, संघभावना बसवली
आणि चौथीवर सरांचे आभार.
मी पेन चावतोय.

पिक्चर नव्हताच खरं तर, पिक्चरची सुरुवात होती.
दोन मिनिटं.
पुढं काय होतं ते कुणी लिहिलंच नव्हतं.
खून कुणाचा, माहीत नाही. केला कुणी, तेही नाही.
फक्त एक गल्ली, एक मुलगी
आणि मागून येणारे पाय.
पाय माझे.
चेहरा चालणार नाही म्हणाले, लईच गरीब दिसतोय.

चपला केरबामामांकडं करून घेतल्या.
त्यांनी कागदावर पाऊल गिरवलं
आणि वर न बघता विचारलं, 'विंचू घालायचा का?'
मी दचकलो. ते हसले.
'बी असतंय रे. कातड्याच्या दोन पदरांत बसवायचं,
मग चप्पल बोलतीया.
पूर्वी माणसाच्या आधी त्येचा आवाज घरात यायचा.
बायकापोरं गप व्हायची.'
त्यांनी कौतुकानं सांगितलं.
मीही कौतुकानंच ऐकलं.

रक्त काकवीचं, त्यात बीटचा रस.
पेरूवाल्याची हातगाडी, तिच्यावर कॅमेरा,
चाकांना प्रणीलच्या आईच्या शिलाई मशीनचं तेल.
उद्यमनगरात बंद शटरांची रांग
आणि एकच ट्यूबलाइट, तीही मरायला टेकलेली.
वॉचमन बदलायला निघाला तर आम्ही त्याला चहा पाजला.
तिसऱ्या टेकला रक्ताला मुंग्या लागल्या.
प्रणील म्हणाला, भावा, हे लिहून सुचलं नसतं.
मुंग्या ठेवल्या.

आणि अफरीन.
स्क्रिप्टमध्ये होतं: आवाज ऐकून ती वळून बघते.
ती वळेना.
कट.
पुन्हा. कट.
'अगं, बघ की मागं!'
तेव्हा ती थांबली,
ओढणीत अडकलेला माइक सोडवत म्हणाली,
'मागं कोण आहे असं वाटलं तर आम्ही मागं नाही बघत.
फोन कानाला लावतो.
दादा, आले बघ, कोपऱ्यावरच आहे, असं म्हणतो.
चाल वाढवायची, पण पळायचं नाही.
मला दादा नाहीये.'

रात्रीचे साडेअकरा.
फौंड्रीच्या भट्टीचा वास अजून हवेत.
आम्ही चौघं पोरं
गुंडाळलेल्या वायरी
परत गुंडाळायला लागलो.

मग ती म्हणाली तसाच शॉट घेतला.
एका टेकमध्ये ओके.
कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला
तेव्हा माझ्या पायांना शिट्ट्या पडल्या.
नाद खुळा, कुणीतरी ओरडलं.
मुलींच्या रांगेत मात्र
काहीच हललं नाही.

त्या रात्री चपला घालूनच घरी निघालो,
थोडा मिजाशीतच.
गंगावेशीच्या अलीकडं, पुढं एक बाई.
हातात डबा, दवाखान्यातून येत असेल कुणाला भेटून.
कर्र. कर्र.
तिचा हात पर्समध्ये गेला, फोन कानाला.
स्क्रीन उजळलीच नव्हती.

मी चपला काढून हातात घेतल्या.
दहा पावलं तसाच गेलो, मग ध्यानात आलं,
अनवाणी तर मी ऐकूसुद्धा येत नाही.
हे त्याहून वाईट.
मोठ्यानं खोकावं म्हटलं. तेही नको.

दूधकट्ट्यावर थांबलो.
धारोष्ण दूध, काठाबाहेर आलेला फेस,
भूक नव्हती तरी दोन ग्लास प्यालो,
ती वळणाआड जाईपर्यंत.
म्हैसवाला म्हणाला,
'पैलवान, चपला हातात का वो? चावल्या?'
व्हय म्हटलं.

चार रेघा.
पहिलीवर लिहिलं, 'ध्वनीचं महत्त्व समजलं.'
बाकीच्या तीन
तशाच ठेवल्या.